सिरोंचाचा घाट आणि गूगलची वाट

गडचिरोली जिल्ह्याच्या अगदी दक्षिण टोकाला, प्राणहिता जिथे गोदावरीला मिळते त्या संगमाजवळ सिरोंचा वसले आहे. आज ते तालुक्याचे गाव आहे. दीडशे वर्षांपूर्वी मात्र ते एका जिल्ह्याचे मुख्य ठाणे होते आणि काही वर्षे तर मध्य भारताच्या कापसाचा राजमार्ग या गावावरून जाणार, अशी सरकारदरबारी खात्री होती. आजचा धागा सर्च इंजिनांची क्रमवारी आणि संकेतस्थळांचे मालक यांच्याविषयी आहे. तरीही आरंभ सिरोंचापासून करतो आहे, कारण पुढे जे घडले ते या गावाने फार आधी भोगले होते.

१८६० साली निजामाने गोदावरीच्या डाव्या काठचा मुलूख इंग्रजांच्या हवाली केला. त्यातून ‘अपर गोदावरी’ नावाचा जिल्हा उभा राहिला आणि सिरोंचा त्याचे मुख्यालय झाले. त्याच सुमारास आर्थर कॉटन या अभियंत्याच्या एका कल्पनेने जोर धरला होता. दौलेश्वरमचे धरण बांधून त्याने गोदावरीच्या खोऱ्यात नाव कमावले होते. लोहमार्गापेक्षा जलमार्ग स्वस्त, असा त्याचा आग्रह होता. वऱ्हाडचा आणि हिंगणघाटचा कापूस होड्यांत भरायचा, वर्धा नदीतून प्राणहितेत, तिथून गोदावरीत आणि थेट पूर्व किनाऱ्यावर न्यायचा, असा बेत ठरला. वाटेत खडकांचे तीन मोठे अडथळे होते : दुम्मागुडेम, एंचमपल्ली आणि अहेरीच्या बाजूचे देवलमरी. ते ओलांडण्यासाठी बंधारे आणि कालव्यांची कामे हाती घेण्यात आली. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला आणि या योजनेला निकडीचे रूप आले. प्राणहितेवरचे सिरोंचा बरोबर या वाटेवर होते.

मग १८६७ साली मुंबईहून निघालेला लोहमार्ग नागपूरला पोचला. कापूस पूर्वेऐवजी पश्चिमेकडे वळला. १८७१ मध्ये जलमार्गाची योजना गुंडाळण्यात आली, १८७४ मध्ये अपर गोदावरी जिल्हाच मोडला गेला आणि सिरोंचा चांदा जिल्ह्याची एक तहसील होऊन राहिले.

इथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. सिरोंचाने काहीही बिघडवले नव्हते. नदी आटली नव्हती, घाट ढासळला नव्हता, गावकऱ्यांनी कोणाला फसवले नव्हते. लंडन, कलकत्ता आणि मुंबई येथे बसलेल्या माणसांनी माल कोणत्या वाटेने न्यायचा याचा हिशेब पुन्हा मांडला, एवढेच घडले.

आता संकेतस्थळांकडे वळू.

इंटरनेटच्या पहिल्या काळात वाटा दाखवणारी माणसेच होती. १९९४ साली सुरू झालेली याहूची सूची हे त्याचे उत्तम उदाहरण. ग्रंथपालाने पुस्तके लावावीत तशी संकेतस्थळे विषयवार लावलेली असत. पाने लाखांनी वाढू लागली तेव्हा हे काम माणसांच्या आवाक्याबाहेर गेले आणि १९९५ च्या अल्टाव्हिस्टासारखी यंत्रे पुढे आली. ही यंत्रे शब्द मोजत. त्यामुळे पानाच्या तळाशी पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत एकच शब्द शंभरदा लिहून ठेवणारे चलाख लोकही लगोलग निपजले.

१९९८ मध्ये सर्गेई ब्रिन आणि लॅरी पेज या दोन संशोधक विद्यार्थ्यांनी वेगळी युक्ती मांडली. विद्वानांच्या लेखनात ज्या ग्रंथाचा दाखला अधिक लोक देतात तो ग्रंथ महत्त्वाचा मानला जातो. तसेच ज्या पानाकडे अधिक पाने बोट दाखवतात, ते पान मोठे; आणि बोट दाखवणारे पान स्वतः वजनदार असेल तर त्या बोटाचे मोल आणखी जास्त. हीच ‘पेजरँक’ची पद्धत. इतिहासाच्या अभ्यासकाला तिच्यातली मेख चटकन कळावी. बखरीतली एखादी कथा दहा लेखकांनी उचलली म्हणून ती खरी ठरत नाही. दहाही जणांनी एकमेकांवरूनच उतरवून घेतलेली असू शकते. गूगलपुढेही हाच पेच पुढची पंधरा वर्षे उभा राहिला.

सुरुवातीच्या वर्षांत गूगलची क्रमवारी साधारण महिन्यातून एकदा नव्याने लागे. त्या दिवसांत पाने वर-खाली होत आणि मालक मंडळी त्याला ‘गूगल नृत्य’ म्हणत. पुढे बदलांना वादळांसारखी नावे पडू लागली. नोव्हेंबर २००३ मधल्या बदलाला ‘फ्लोरिडा’ हे नाव मिळाले. त्याचा तडाखा नाताळच्या खरेदीच्या तोंडावर बसला. ज्या लहान दुकानदारांनी वर्षाचा माल आधीच भरून ठेवला होता, त्यांची पाने एकाएकी दिसेनाशी झाली. त्यांतल्या काहींनी खोटे दुवे जमवले होते, हे खरे. पण निरपराध दुकानेही त्याच लाटेत वाहून गेली. चोराला पकडण्यासाठी अख्ख्या पेठेत दिवे मालवावेत, तसा तो प्रकार होता.

न्यायालयात गेलेल्यांना काय मिळाले? ओक्लाहोमातील ‘सर्च किंग’ या कंपनीने २००२ मध्ये गूगलवर दावा लावला. आपला क्रम मुद्दाम खाली ढकलला, अशी तिची तक्रार होती. २००३ मध्ये न्यायालयाने निकाल दिला की पानांचा क्रम हे गूगलचे मत आहे आणि मत मांडण्याचे स्वातंत्र्य अमेरिकेच्या राज्यघटनेने दिलेले आहे. निकाल कायद्याला धरून असेल. पण त्याचा अर्थ विचारात पाडणारा आहे. ज्या यादीवर हजारो घरांच्या चुली अवलंबून आहेत, ती यादी कायद्याच्या नजरेत एका गृहस्थाच्या आवडीनिवडीसारखी ठरली.

ब्रिटनमध्ये रॅफ दांपत्याचे ‘फाउंडेम’ हे किमतींची तुलना करणारे संकेतस्थळ २००६ च्या जूनमध्ये गूगलच्या क्रमवारीत असेच खोल बुडाले. त्यांनी चिकाटी सोडली नाही. त्यांच्या तक्रारीतून उभ्या राहिलेल्या प्रकरणात युरोपीय आयोगाने २०१७ साली गूगलला २४२ कोटी युरोंचा दंड ठोठावला आणि सप्टेंबर २०२४ मध्ये युरोपच्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला. तक्रारदारांच्या बाजूने शेवटचा शब्द लागायला अठरा वर्षे गेली.

आपल्याकडेही असे प्रकरण झाले. भारत मॅट्रिमनी चालवणारी कंपनी आणि जयपूरची ‘कट्स’ ही ग्राहकहित संस्था यांच्या २०१२ मधल्या तक्रारींवरून भारतीय स्पर्धा आयोगाने फेब्रुवारी २०१८ मध्ये गूगलला १३५ कोटी ८६ लाख रुपयांचा दंड केला. विमानप्रवासाच्या शोधात गूगलने आपल्याच सेवेचा चौकोन ठळक जागी मांडला, हा त्यातला एक ठपका होता. वाट दाखवणारा स्वतःच वाटेवर दुकान थाटतो तेव्हा पाटी कोणत्या दिशेला वळेल, हा प्रश्न आयोगापुढे होता.

मधल्या काळात दोन मोठी वादळे येऊन गेली. फेब्रुवारी २०११ मध्ये ‘पांडा’ आला. हे नाव प्राण्यावरून नव्हे, नवनीत पांडा या अभियंत्याच्या आडनावावरून पडले. अमेरिकेतील सुमारे १२ टक्के शोधांवर त्याचा परिणाम झाला, असे गूगलने स्वतः सांगितले. त्या काळी काही कंपन्या मजुरीवर हजारो थातुरमातुर लेख लिहवून घेत. केवळ शोधात वर यावे हाच त्या लेखांचा हेतू असे. पांडाने त्यांची रया घालवली आणि त्याबद्दल कोणी अश्रू ढाळण्याचे कारण नाही.

एप्रिल २०१२ मधला ‘पेंग्विन’ अधिक कठोर निघाला. विकत घेतलेले आणि बनावट दुवे हे त्याचे लक्ष्य. या शिक्षेची रीत विलक्षण होती. दोषी ठरलेल्या मालकाने खोटे दुवे काढून टाकले, नको असलेले दुवे नाकारण्याची यादी गूगलकडे धाडली, सर्व काही स्वच्छ केले, तरी त्याची सुटका लगेच होत नसे. पेंग्विनची पुढची फेरी येईपर्यंत त्याने थांबायचे. ऑक्टोबर २०१४ ची फेरी झाल्यावर पुढचा मोठा बदल सप्टेंबर २०१६ मध्ये आला. तेव्हापासून ही तपासणी अखंड चालू लागली. म्हणजे मधली जवळजवळ दोन वर्षे, शिक्षा भोगून झालेला माणूसही तुरुंगातच. अनेक व्यवसाय त्या दोन वर्षांत बंद पडले. ज्यांनी कधी काळी दुवे विकत घेण्यासाठी पैसे मोजले, त्यांनी तेच दुवे हटवण्यासाठी पुन्हा पैसे मोजले. सल्लागारांची मात्र दोन्ही वेळा दिवाळी झाली.

गूगलची बाजूही सांगायला हवी. क्रम लावण्याचे नियम उघड केले तर भामटे त्याच दिवशी त्यांना वळसा घालतील. नियम बदललेच नाहीत तर वरच्या दहा जागा त्यांच्याच घशात जातील. शोधणाऱ्या सामान्य माणसाच्या दृष्टीने बदल बहुधा हिताचे ठरतात. अडचण एवढीच की यादीत वर येणाऱ्या प्रत्येकामागे कोणीतरी खाली जातो आणि त्याला कारण कळवले जात नाही. गुपित राखणे आवश्यक आणि गुपितामुळे अन्याय अटळ, अशी ही गाठ आहे. ती अद्याप कोणी सोडवलेली नाही.

मराठी मालकांचा इतिहास थोडा निराळा आहे. इंग्रजी संकेतस्थळे क्रमांकासाठी भांडत होती तेव्हा आपली बरीच पाने स्पर्धेत उतरलीच नव्हती. २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत मराठी वृत्तपत्रांनी आपापल्या खास फाँटमध्ये मजकूर टाकला. डोळ्यांना देवनागरी दिसे, पण यंत्राला आत निरर्थक रोमन अक्षरांची रास दिसे. सर्च इंजिनाच्या लेखी ती पाने मराठी नव्हतीच. युनिकोड रुळल्यावर हे चित्र पालटले. २००३ मध्ये सुरू झालेला मराठी विकिपीडिया या नव्या लिपीव्यवस्थेतच वाढला. ज्यांनी जुना मजकूर युनिकोडमध्ये आणला नाही, त्यांचे वर्षानुवर्षांचे लेखन शोधणाऱ्याला सापडेनासे झाले. कोणताही अपडेट न येता घडलेली ही पदावनती होती.

दुसरी अडचण आपल्या विभक्तींची. ‘जंगल’, ‘जंगलात’, ‘जंगलातल्या’ हे मराठी माणसाला एकाच घरचे शब्द वाटतात. शब्दाशी शब्द ताडून पाहणाऱ्या यंत्राला ते तीन परके वाटत. वाक्याचा संदर्भ ओळखणारी ‘बर्ट’ ही पद्धत गूगलने ऑक्टोबर २०१९ मध्ये इंग्रजीसाठी लागू केली आणि डिसेंबरमध्ये सत्तरेक भाषांपर्यंत नेली. त्यात मराठी होती. गोंडी नव्हती. चंद्रपूर-गडचिरोलीच्या रानात शतकानुशतके बोलल्या जाणाऱ्या या भाषेच्या मसराम लिपीला युनिकोडमध्ये स्थान मिळाले तेच २०१७ साली, गुंजाळा लिपीला त्याच्या पुढच्या वर्षी. जिची अक्षरेच कालपरवा यंत्रात आली, तिच्या पानांनी कोणत्या क्रमासाठी झगडायचे?

या जंगलपट्ट्यात क्रमवारीचा प्रश्न सर्वांत थेट भिडतो तो ताडोब्यात. १९५५ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालेले आणि १९९५ मध्ये अंधारी अभयारण्यासह व्याघ्र प्रकल्प बनलेले ताडोबा पाहायला देशभरातून लोक येतात. सफारीचे आरक्षण ऑनलाइन होते. त्यामुळे प्रवासी मोहर्लीच्या किंवा कोलाऱ्याच्या फाटकावर पोचण्याआधी गूगलच्या फाटकावर पोचतो. ‘ताडोबा सफारी’ असे लिहिले की तिथे वनविभागाचे पान, मोठ्या प्रवास कंपन्या, दिल्ली-मुंबईचे दलाल, रिसॉर्ट आणि गावातली लहानमोठी निवासगृहे एकाच रांगेत उभी असतात.

समजा, मोहर्लीच्या एका माणसाने चार खोल्या बांधल्या. भाच्याकडून संकेतस्थळ करून घेतले. कोणत्या महिन्यात पाणवठ्यावर काय दिसते, रस्ता कसा आहे, जेवणात झुणका-भाकरी मिळते की नाही, हे त्याने स्वतःच्या माहितीने लिहिले. पाहुणे थेट फोन करू लागले. मग एका सकाळी क्रम बदलतो आणि त्याचे पान तिसऱ्या पानावर जाते. पाहुणे ताडोब्यात येतच राहतात. वाघ काही कमी झालेले नसतात. फरक इतकाच की आता ते मोठ्या आरक्षण कंपनीमार्फत येतात आणि प्रत्येक खोलीमागे कमिशन कापले जाते. किंवा त्याने गूगललाच जाहिरातीचे पैसे द्यावेत आणि पूर्वी फुकट मिळणारी जागा विकत घ्यावी. गावात राहणारा पैसा असा गावाबाहेर जातो.

वेळेचा योगही पाहा. पावसाळ्यात ताडोब्याचा गाभा बंद असतो आणि १ ऑक्टोबरला फाटके उघडतात. सप्टेंबरचा उत्तरार्ध आणि ऑक्टोबर हे हंगामाच्या आरक्षणाचे दिवस. २०२३ मध्ये गूगलचा ‘उपयुक्त मजकूर’ नावाचा बदल १४ ते २८ सप्टेंबर या काळात लागू झाला आणि ५ ऑक्टोबरला लगेच दुसरा मोठा बदल सुरू झाला. अमेरिकेतल्या दुकानदारासाठी २००३ चा नाताळ जसा होता, तसाच जंगलाकाठच्या मालकासाठी हा पंधरवडा. कॅलिफोर्नियात बसून वेळापत्रक ठरवणाऱ्याला ताडोब्याचे फाटक कधी उघडते हे ठाऊक असण्याचे कारण नाही, जसे लंडनच्या हिशेबनिसाला सिरोंचाच्या घाटाचे नव्हते.

त्या सप्टेंबरच्या बदलाने जगभरातल्या लहान, स्वतंत्र संकेतस्थळांचे कंबरडे मोडले. गंमत अशी की त्याचा जाहीर हेतू नेमका उलटा होता : माणसांसाठी लिहिलेला, अनुभवाचा मजकूर वर आणणे. हवा शुद्ध करणारी यंत्रे स्वतः तपासून परीक्षणे लिहिणाऱ्या ‘हाउसफ्रेश’ने फेब्रुवारी २०२४ मध्ये सविस्तर लेख लिहून दाखवले की यंत्राला हातही न लावता याद्या छापणारी बड्या मासिकांची पाने आपल्या वर कशी बसली आहेत. मार्च २०२४ चा बदल तर तब्बल ४५ दिवस चालला. त्या वर्षाच्या ऑक्टोबरमध्ये गूगलने अशा वीसेक मालकांना आपल्या मुख्यालयात बोलावून त्यांचे म्हणणे ऐकले. ऐकले, पूर्वीचा क्रम परत देण्याचे आश्वासन मात्र दिले नाही.

यातून तगलेले मालक पाहिले तर त्यांच्यात एक समान खूण आढळते : लोक त्यांना नावाने शोधतात. चंद्रपूरच्या महाकालीच्या चैत्रातल्या यात्रेला नांदेडकडचे आणि तेलंगणातले भाविक पिढ्यान् पिढ्या येतात. ‘जवळचे देवीचे मंदिर’ असा शोध घेऊन ते निघत नाहीत. कुठे जायचे ते घरूनच ठरलेले असते. ज्या संकेतस्थळाचे नाव वाचकाच्या तोंडी बसले आहे, त्याला अपडेटचा फटका बसतो पण त्याचा प्राण जात नाही. मात्र असे नाव व्हायला वर्षे लागतात आणि नवख्या मालकाकडे तेवढी पुंजी नसते. मोहर्लीच्या त्या चार खोल्यांना महाकालीची पुण्याई कुठून यावी?

आणि आता वाटेचेच रूप बदलते आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये गूगलने भारतात इंग्रजी आणि हिंदी शोधांच्या माथ्यावर कृत्रिम बुद्धिमत्तेने रचलेली उत्तरे दाखवायला सुरुवात केली. निरनिराळ्या संकेतस्थळांवरून माहिती वेचून हे उत्तर तिथल्या तिथे तयार होते. ‘ताडोबाला कोणत्या महिन्यात जावे’ असे विचारणाऱ्याला उत्तर मिळते आणि ते ज्याने लिहिले त्याच्या पानावर जाण्याची गरज उरत नाही. पूर्वी प्रश्न पहिल्या क्रमांकाचा की तिसऱ्या पानाचा, असा होता. आता पहिल्या क्रमांकावर असूनही मालकाच्या आकडेवारीत दोन स्तंभ एकमेकांपासून दुरावत जाताना दिसतात : पान किती जणांना दिसले, तो आकडा वर चढतो, किती जणांनी ते उघडले, तो खाली उतरतो.